तृतीयपंथी बंदी आणि कैद्यांच्या हक्कांचा लढा
(मराठी साथींच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर आले तेव्हा एका ज्येष्ठ कॉम्रेडनी मला विचारले, "हा आपल्या अभ्यासवर्गाचा विषय आहे काय?" त्यांच्या विचारण्यात उपहास नव्हता. त्यांनी स्वतः तुरुंगवास भोगलेला आहे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की महागाई, बेकारी, शेतीमालाचे भाव, कामगार संहिता असे प्रश्न आ वासून उभे असताना तुरुंगातील मूठभर तृतीयपंथी कैद्यांना कोणत्या बराकीत ठेवावे, या प्रश्नावर एक संपूर्ण सत्र खर्च करणे कितपत युक्त आहे? या शंकेला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही, आणि उत्तर द्यायचे तर आपल्याच चळवळीच्या इतिहासापासून सुरुवात करावी लागेल.

१९६० नंतरच्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असताना कॉम्रेड प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात 'अणूच्या अंतरंगात' हे पदार्थविज्ञानावरील मराठी पुस्तक लिहिले. प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठविण्यास महाराष्ट्र शासनाने नकार दिला. अणूच्या रचनेविषयीच्या मराठी पुस्तकामुळे राष्ट्राच्या संरक्षणाला कोणता धोका पोहोचणार होता, हे त्या शासनालाच ठाऊक! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की स्थानबद्धाच्या स्वातंत्र्यावर जे बंधन कायद्याने व नियमाने घातलेले नाही, ते अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने घालता येणार नाही. तुरुंगाच्या भिंतीआड माणसाचे काही हक्क शिल्लक उरतात, या विचाराचा आपल्या देशाच्या कायद्यातील एक पाया अशा रीतीने एका मराठी कम्युनिस्टाच्या वहीवर घातला गेला.

१९७४ मध्ये विशाखापट्टणमच्या तुरुंगातील नक्षलवादी कैद्यांच्या अर्जावर न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी, केवळ शिक्षा झाली म्हणून माणूस सर्व मूलभूत हक्कांना पारखा होत नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर १९७८ आणि १९७९ मध्ये सुनील बत्रा खटल्यांचे निकाल आले. तिहारमधील फाशीची शिक्षा झालेल्या या कैद्याने आधी स्वतःच्या एकांतकोठडीविरुद्ध दाद मागितली आणि पुढे दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच न्यायालयाने अर्ज मानले. हे घडवून आणणारे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळातील पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते, आणि तुरुंग हे खाते त्यांच्याकडे होते. त्याहीपूर्वी, १९४८ मध्ये, कम्युनिस्टांना मदत केल्याच्या आरोपावरून त्यांनी स्वतः महिनाभर कोठडी पाहिली होती. तुरुंगाचा दरवाजा दोन्ही बाजूंनी पाहिलेले न्यायाधीश फार थोडे!

तेव्हा हा विषय आपला आहे. परंतु याच इतिहासाची एक दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतीन दास यांनी प्राण ठेवला. १९४१ मध्ये देवळीच्या स्थानबद्ध छावणीत आपल्या साथींनी उपोषण केले. या लढ्यांपुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. तथापि त्यांतील एक मुख्य मागणी राजकीय कैद्यांना गुन्हेगार कैद्यांपेक्षा निराळी वागणूक मिळावी, अशी होती. त्या काळी ती न्याय्य होती. परंतु तिच्यामुळे आपल्या मनात एक रेषा ओढली गेली. रेषेच्या अलीकडे आपण, पलीकडे खिसेकापू, दारू गाळणारे, भीक मागताना पकडलेले, आणि बराकीच्या कोपऱ्यात ज्याच्याकडे पाहून सारे हसतात तो 'हिजडा'. तुरुंगाच्या आठवणी लिहिणाऱ्या आपल्या लोकांनी त्या कोपऱ्याविषयी फारसे लिहिलेले नाही.

१८७१ चा वारसा

आता त्या कोपऱ्याकडे वळू. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, हे महाराष्ट्रातील साथींना सांगावयास नको. पारधी, कैकाडी, बेरड यांच्यासारख्या किती जमाती अशा कायद्यांखाली भरडल्या गेल्या आणि ३१ ऑगस्ट १९५२ हा विमुक्त दिन कसा आला, हे आपण जाणतो. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग 'षंढां'विषयी होता, याची माहिती थोड्यांना असते. त्या भागाचा अंमल मुख्यतः वायव्य प्रांतांत, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या मुलखात, झाला. हिजड्यांची नावे, राहण्याची ठिकाणे व मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्यात आली. नोंद झालेली व्यक्ती सार्वजनिक जागी स्त्रीवेशात दिसली, नाचली किंवा गायली, तर तिला वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. तिला मूल दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. लुगडे नेसणे हाच गुन्हा होता!

साम्राज्यवाद गेला म्हणून हा वारसा गेला, असे मानण्याचे कारण नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात (आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता) फसली १३२९ मध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, अशाच स्वरूपाचा कायदा झाला. तो स्वातंत्र्यानंतरही कायद्याच्या पुस्तकात राहिला, आणि तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून काढून टाकला २०२३ च्या जुलैमध्ये! कर्नाटकात तर २०११ साली पोलीस कायद्यात नवे कलम घालून तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पोलिसांना देण्यात आला. त्यातील 'षंढ' हा शब्द २०१६ मध्ये बदलण्यात आला. याच्या जोडीला १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. ज्याला कारखाना दारात उभा करीत नाही आणि भाड्याने खोलीही मिळत नाही, त्याने सिग्नलपाशी हात पसरला की तो गुन्हेगार. आधी रोजगार नाकारायचा आणि मग उपजीविकेचे उरलेले साधन गुन्हा ठरवायचे, ही शासनसंस्थेची जुनी रीत आहे. तृतीयपंथी माणूस तुरुंगात जातो तो बहुधा या वाटेने, आणि बहुधा कच्चा कैदी म्हणून. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची, एवढे शासकीय आकडे पुरेसे आहेत.

फाटकाच्या आत

अशी व्यक्ती तुरुंगाच्या फाटकाशी आणली जाते तेव्हा काय घडते? १८९४ च्या तुरुंग कायद्याने जगाची विभागणी पुरुष आणि स्त्री अशी दोनच खणांत केली. २७ व्या कलमानुसार स्त्रियांना वेगळ्या इमारतीत वा इमारतीच्या वेगळ्या भागात, पुरुषांशी बोलणेसुद्धा होणार नाही अशा रीतीने ठेवावयाचे. स्त्रियांची झडती मेट्रनने घ्यावयाची. मग ज्याचे शरीर एका खणात आणि आयुष्य दुसऱ्या खणात, त्याची झडती कोणी घ्यावयाची? उत्तर सोपे होते. कपडे उतरवून पाहावयाचे, आणि जे दिसेल त्याप्रमाणे रवानगी करावयाची. ही पाहणी चार-पाच शिपायांसमोर, हास्यविनोदात होते. लांब केस असतील तर नियमावर बोट ठेवून ते कापले जातात. नोंदवहीत गुरूने दिलेले नाव नव्हे, तर शाळेच्या दाखल्यावरचे नाव चढते. औषधे (काहींची संप्रेरकांची औषधे चालू असतात) फाटकावर राहतात. मुलाखतीला कोण येणार? रक्ताच्या नातेवाइकांनी दार केव्हाच लावून घेतलेले. जी खरी नाती आहेत, गुरू आणि चेले, त्यांना नातेवाईक म्हणून कोण मानतो?

आणि मग बराक. शंभर जणांच्या जागेत दीडशे पुरुष आणि त्यांत एक लुगडे नेसणारी व्यक्ती. रात्री कुलूप लागल्यावर सकाळी उघडेपर्यंत बराकीत राज्य वॉर्डरचेही नसते; ते बराकीतील दादांचे असते. पुढचे मी सांगत नाही. अशा बराकीत पाठविणाऱ्या अधिकाऱ्याला परिणाम माहीत नसतो, असे कोणी म्हणेल काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९४ मध्ये, पुरुषांच्या तुरुंगात टाकलेल्या एका पारलिंगी स्त्रीच्या खटल्यात, नेमका हाच मुद्दा आला होता. धोका ठाऊक असूनही त्याकडे डोळेझाक करणारा अधिकारी जबाबदार ठरतो, असे त्या न्यायालयाने मानले. त्याच वर्षी आपल्या तिहारमध्ये निरोध वाटण्याची सूचना वैद्यकीय मंडळींनी केली असता तत्कालीन महानिरीक्षक किरण बेदी यांनी ती नाकारली. तेव्हा एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेने ३७७ व्या कलमालाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या कलमाविरुद्धचे हे पहिले आव्हान तुरुंगाच्या प्रश्नातून निघाले होते, ही गोष्ट आज विसरली गेली आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि आपले लिंग आपण ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांतही, कैद्याची नोंद करताना त्याने स्वतः मानलेल्या लिंगाचा आदर राखावा, असे सातव्या नियमात म्हटले आहे. २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींविषयी कायदा संमत केला. त्यातील जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट आंदोलकांना मुळीच मान्य नव्हती, आणि योग्यच होते. हक्क द्यायचा आणि त्यावर कचेरीचा शिक्का मागायचा, याला हक्क म्हणत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालात तृतीयपंथी कैद्यांची मोजणी सुरू झाली तीसुद्धा २०२० च्या अहवालापासून, आणि तीही प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर. तोपर्यंत सरकारच्या लेखी ही माणसे तुरुंगात नव्हतीच.

१० जानेवारी २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना एक सल्लापत्र धाडले. त्याचा मजकूर वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पारलिंगी स्त्रिया व पारलिंगी पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र वॉर्ड असावेत, स्वतंत्र शौचालये व न्हाणीघरे असावीत, झडती त्यांच्या पसंतीच्या लिंगाच्या व्यक्तीने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने घ्यावी, नोंदवह्यांत स्वतंत्र रकाना असावा. पुढे २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यातही स्वतंत्र निवासाची तरतूद आली, आणि २०२४ च्या जुलैत मुलाखतीच्या हक्काविषयी आणखी एक पत्र निघाले. परंतु तुरुंग हा घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे राज्यांचा विषय. केंद्राने पत्र लिहावयाचे, राज्याने ते फायलीला लावावयाचे, आणि पैसा कोणीच द्यावयाचा नाही!

'वेगळे' म्हणजे काय?

तथापि खरी अडचण पैशाच्याही पुढची आहे, आणि आज मला विशेषेकरून तिच्याविषयी बोलावयाचे आहे. 'स्वतंत्र वॉर्ड' हे शब्द कागदावर छान दिसतात. मुंबई, पुणे, हैदराबाद, दिल्ली येथील मोठ्या मध्यवर्ती कारागृहांत एका वेळी पाच-दहा तृतीयपंथी कैदी असू शकतील. तेथे वॉर्ड होऊ शकेल. पण जिल्ह्याच्या तुरुंगात अशी व्यक्ती असते एक, फार तर दोन. एकाच माणसासाठी 'स्वतंत्र वॉर्ड' म्हणजे काय? एक खोली, बाहेरून कुलूप, दिवसातून काही वेळ अंगणात सोडणे, तेसुद्धा इतर सारे आत गेल्यावर. वाचनालय नाही, कारखान्यात काम नाही, काम नाही म्हणून मजुरी नाही. याचे खरे नाव एकांतकोठडी! जिच्याविरुद्ध सुनील बत्राने दाद मागितली, तीच कोठडी येथे संरक्षणाच्या नावाने परत येते, आणि ती भोगणाऱ्याने कोणताही तुरुंगनियम मोडलेला नसतो. मंडेला नियमांनी पंधरा दिवसांहून अधिक काळचा एकांतवास निषिद्ध मानला आहे. हा तर खटला चालेपर्यंत, म्हणजे कदाचित काही वर्षे चालावयाचा! २०२२ च्या सल्लापत्रात, वेगळे ठेवताना पूर्णतः एकाकी पाडू नये, असे एक वाक्य आहे. सारा प्रश्न त्या एका वाक्यात आहे, आणि त्याची अंमलबजावणी कशी करावयाची ते पत्रात नाही.

मग त्यांना स्त्रियांच्या विभागात का ठेवू नये? अनेक पारलिंगी स्त्रियांची तीच मागणी असते. येथे महिला आघाडीतील काही साथी जी शंका काढतात ती मी झटकून टाकणार नाही. स्त्री-कैदीही तुरुंगातील अल्पसंख्याक आहेत, साऱ्या कैद्यांत शेकडा चारच्या आसपास. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या तुरुंगात ठेवलेल्या एका पारलिंगी कैद्याने स्त्री-कैद्यांवर केलेल्या अत्याचाराची कबुली २०१८ मध्ये न्यायालयात दिली, ही वस्तुस्थिती आहे. त्या कैद्याचा पूर्वीचा गुन्हेगारी इतिहास तुरुंगाला माहीत असूनही नीट तपासला गेला नव्हता. यावरून निष्कर्ष कोणता निघतो? एका कैद्याच्या कृत्याचा दोष साऱ्या समूहावर टाकणे हे तर १८७१ च्याच मार्गाने जाणे होय. निष्कर्ष एवढाच निघतो की सरसकट नियमाने हा प्रश्न सुटत नाही; त्या त्या व्यक्तीची पसंती, तिला असलेला धोका आणि तिच्यापासून असलेला धोका, तिन्हींचा लेखी विचार करून निर्णय व्हावा, तो ठरावीक मुदतीने पुन्हा तपासला जावा, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. आणि पारलिंगी पुरुषांचे काय? ते बहुतेक वेळा स्त्रियांच्या विभागातच असतात, कोणी त्यांना ओळखतही नाही, आणि पुरुषांच्या बराकीत जाण्याची मागणी त्यांच्यापैकी फार थोडे करतील. म्हणूनही एकच नियम चालणार नाही.

माझे स्वतःचे मत असे की जेथे संख्या थोडी आहे तेथे झोपण्याची खोली वेगळी असावी, पण दिवस सामायिक असावा. काम, शाळा, वाचन, जेवण, सण हे सारे, कैदी ज्या विभागात सुरक्षित समजेल त्या विभागाबरोबर व्हावे. रात्रीचे कुलूप संरक्षणासाठी समजू शकते. दिवसाच्या कुलपाला संरक्षण म्हणणे शुद्ध फसवणूक आहे. हे करावयास नव्या इमारती लागत नाहीत. मनुष्यबळ लागते, आणि वॉर्डरांच्या रिक्त जागा भराव्या लागतात, हे मात्र खरे. तुरुंग कर्मचाऱ्यांच्या मागण्या आणि कैद्यांच्या मागण्या या ठिकाणी एकमेकींच्या विरोधी नाहीत.

आणखी एका गोष्टीकडे वकील साथींचे लक्ष वेधते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. २०१८ च्या निकालाने परस्परसंमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून वगळले होते. संमतीवाचून केलेला अत्याचार मात्र त्या कलमाखाली गुन्हाच राहिला होता. नव्या संहितेत ते कलमच घेतले गेले नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरती ठेवण्यात आली. म्हणजे पुरुषांच्या बराकीत ज्या तृतीयपंथी कैद्यावर अत्याचार होईल, त्याला कायदा स्त्री मानीत नसेल तर बलात्काराचे कलम लागू नये! २०१९ च्या कायद्याने मूळ मजकुरात लैंगिक अत्याचारास ठेवलेली शिक्षा होती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे. वसाहतवादी कायद्यांतून मुक्ती दिल्याचा डांगोरा पिटून केलेल्या संहितेने बराकीतील सर्वांत दुबळ्या कैद्याला उघड्यावर टाकले.

आपल्या आंतरराष्ट्रीय चळवळीची नोंदही या बाबतीत निष्कलंक नाही. क्रांतीनंतर १९२२ च्या रशियन दंडसंहितेतून समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळला गेला होता; १९३४ मध्ये तो परत आणण्यात आला आणि त्याखाली माणसे तुरुंगात गेली. क्यूबात १९६५ नंतर अशा लोकांना श्रमछावण्यांत धाडले गेले. त्याची जबाबदारी आपली आहे असे फिडेल कास्त्रोंनी २०१० मध्ये स्वतः कबूल केले, आणि २०२२ मध्ये त्याच क्यूबाने जनमताने नवी कुटुंबसंहिता स्वीकारली. चूक मान्य करावयाला किती वर्षे लागतात, याचाही हा हिशेब आहे.

आता कामाविषयी थोडे. प्रत्येक जिल्ह्यात कारागृहाचे अभ्यागत मंडळ असते वा असावयास हवे. त्यावर अशासकीय अभ्यागतांच्या जागा असतात आणि त्या बहुधा रिकाम्या राहतात, किंवा सत्ताधारी पक्षाच्या शोभेच्या माणसांनी भरल्या जातात. आपल्या जिल्हा समित्यांनी या जागांचा प्रश्न हाती घ्यावा. कच्च्या तृतीयपंथी कैद्यांचा पहिला प्रश्न बराकीचा नसून जामिनाचा आहे. जामीनदार कोण राहणार, हीच त्यांची अडचण असते, आणि न्याय संहितेबरोबर आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढला असल्यास सुटकेची जी तरतूद आहे, तिचा लाभ त्यांना कोणी समजावून सांगत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद रद्द ठरविला. सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, १९७४ च्या न्यायमूर्तींचे चिरंजीव. झाडू जातीवरून वाटला जाणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. ते नियमावल्यांतून खरोखरच गेले काय, हे पाहण्यासाठी आपण तुरुंगात जाऊ, तेव्हा सोबतच लिंगाच्या रकान्याचीही विचारपूस करता येईल. दोन फेऱ्या मारण्याचे कारण नाही.

शेवटी माझ्या धंद्यातील एक अडचण. पक्षाच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करताना या लोकांसाठी कोणता शब्द वापरावा, हे मला दर वेळी नव्याने ठरवावे लागते. जुन्या अनुवादांत 'षंढ', 'नपुंसक' असे शब्द सापडतात; ते वसाहती कायद्याचेच शब्द आहेत. 'किन्नर' हा शब्द पौराणिक असून त्यात दयाबुद्धीचा वास येतो. 'हिजडा' हा काहींचा स्वाभिमानाचा शब्द आहे, पण आपल्या तोंडी तो शिवी होऊन बसला आहे. 'तृतीयपंथी' रूढ आहे, मात्र तो पारलिंगी पुरुषांना सामावून घेत नाही. आजच्या भाषणात मी दोन्ही शब्द वापरले, आणि त्याने माझे समाधान झालेले नाही. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथून आलेल्या साथींच्या बोलीत निराळे शब्द असतील, तर चर्चेत ते जरूर सांगावेत. मी लिहून घेणार आहे.